वर जाता येत नाही, मग जायचं कशाला?

सप्टेंबर २०२० मध्ये गूगलने आपल्या नकाशावरून काही फोटो उतरवले. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, वाळवंटात, उलुरू नावाचा एक प्रचंड लाल खडक आहे. त्याच्या माथ्यावरून लोकांनी काढलेले ते फोटो होते. माथ्यावर जाणारी वाट जवळपास वर्षभर आधी, २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, कायमची बंद झाली होती. पण फोनवर बोट सरकवत कुणीही अजून तिथे ‘जाऊन’ येऊ शकत होतं. राष्ट्रीय उद्यानाच्या प्रशासनाने विनंती केली आणि ते दृश्य काढून टाकण्यात आलं.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या धंद्यात नकाशावर रिकामी जागा दिसली की ती चूक समजतात; डेटा भरायचा राहिलाय, कुणीतरी तिकीट टाका, असं म्हणतात. इथे मात्र जागा ठरवून रिकामी ठेवली होती. दाखवता येत होतं, तरी दाखवायचं नाही असं ठरलं होतं. हा निर्णय कुणी घेतला, त्याला किती वर्षं लागली आणि मधल्या काळात काय काय घडलं, याचा शोध घेत गेले तेव्हा एक १४६ वर्षांचा इतिहास हाती लागला. आज ‘जबाबदार पर्यटन’, ‘इको-टुरिझम’ हे शब्द हॉटेलच्या बाथरूममधल्या पाटीवरही सापडतात. त्यांचा खरा अर्थ काय असू शकतो, हे मला या एका दगडाच्या गोष्टीतून कळलं.

दगड आणि त्याचे लोक

उलुरू आजूबाजूच्या सपाट जमिनीपासून ३४८ मीटर उंच आहे आणि त्याचा घेर ९.४ किलोमीटर आहे. हा वालुकाश्माचा एकसंध खडक आहे. त्यातलं लोखंड हवेत गंजल्यामुळे तो लाल दिसतो. सूर्य उगवताना आणि मावळताना त्याचे रंग बदलतात. कॅलेंडरवर असतात ते फोटो त्याच वेळचे.

या भागात माणूस किमान १० हजार वर्षं राहतो आहे. इथले आदिवासी स्वतःला अनांगू म्हणवतात. पिजंजाजारा आणि यांकुनिजाजारा या त्यांच्या भाषा. त्यांच्या जगण्याचा पाया आहे जुकुर्पा. या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द सापडत नाही. पूर्वजांनी ही भूमी कशी घडवली त्याच्या कथा, माणसांनी एकमेकांशी, प्राण्यांशी आणि जमिनीशी कसं वागावं याचे नियम, कुठे पाणी आहे आणि कधी कुठलं फळ पिकतं याचं ज्ञान, हे सगळं मिळून जुकुर्पा होतं. पुराण, कायदा आणि भूगोल एकाच पोथीत बांधावा, आणि ती पोथी कागदावर न लिहिता डोंगराच्या भेगांत, गुहांत, पाणवठ्यांत असावी, असं काहीसं.

सगळी पोथी सगळ्यांसाठी खुली नसते. काही कथा फक्त पुरुषांच्या, काही फक्त बायकांच्या. पाहुण्यांना सांगतात ती त्यातली अगदी वरवरची, मुलांना सांगायची गोष्ट. माथ्यावर जाणाऱ्या वाटेचंही असंच. माला नावाच्या पूर्वजांनी, म्हणजे छोट्या कांगारूसारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या रूपातल्या पूर्वजांनी, उलुरूला आल्यावर धरलेला तो मार्ग. त्यामुळे अनांगू सहसा त्या वाटेने चढत नाहीत.

गॉस, कामरान आणि कराचीचे उंट

१८७३ च्या जुलैत विल्यम गॉस नावाचा सर्वेक्षक इथे पोचला. त्याने या खडकाला दक्षिण ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन मुख्य सचिव हेन्री एअर्स यांचं नाव दिलं: एअर्स रॉक. मग तो वर चढला. लिखित इतिहासातली ही पहिली चढाई.

गॉस एकटा नव्हता. त्याच्यासोबत कामरान नावाचा अफगाण उंटवाला होता. दोघं अनवाणी चढले. गॉसच्या पायांना फोड आले आणि कामरानच्या टणक तळव्यांचा त्याला हेवा वाटला, अशी नोंद त्यानेच करून ठेवली आहे. पुढे पुस्तकांत गॉसचं नाव राहिलं, कामरान तळटीपेत गेला.

हे वाचताना मी थबकले. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात घोडे टिकत नव्हते, बैल टिकत नव्हते. म्हणून १८६६ मध्ये थॉमस एल्डर या उद्योजकाने शंभराहून अधिक उंट आणि ३१ उंटवाले बोटीने आणवले, ते कराची बंदरातून. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. म्हणजे ज्या मोहिमांनी या ‘अज्ञात’ भूमीचे नकाशे काढले, त्यांचं ओझं वाहणाऱ्यांचा प्रवास आपल्याच इलाख्याच्या किनाऱ्यावरून सुरू झाला होता. त्या सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटलं गेलं. त्यांत सिंधी, बलुची, पंजाबी असे सगळेच होते. पुढे मालमोटारी आल्या, उंटांचं काम संपलं आणि त्यांना रानात सोडून दिलं गेलं. आज त्यांचेच वंशज लाखोंच्या संख्येने मोकाट फिरतात आणि वाळवंटातले मोजके पाणवठे घाण करतात. बाहेरून आलेला पाहुणा, गरजेपुरता बोलावलेला आणि मग विसरलेला, जमिनीवर किती खोल ठसा ठेवून जातो, याचं हे चालतंबोलतं उदाहरण.

राखीव जागेतून उद्यान, उद्यानातून सहलीचं ठिकाण

१९२० मध्ये हा प्रदेश आदिवासींसाठी राखीव ठेवला गेला. राखीव म्हणजे सुरक्षित, असं मात्र झालं नाही. १९३४ मध्ये बिल मॅकिनन हा पोलिस शिपाई काही अनांगू पुरुषांचा माग काढत उलुरूपर्यंत आला आणि तिथल्या पाणवठ्याजवळच्या गुहेत त्याने योकुनुन्ना नावाच्या माणसाला गोळी घातली. पुढच्या वर्षी चौकशी झाली. मॅकिननला शिक्षा झाली नाही. योकुनुन्नाचे अवशेष मात्र अभ्यासासाठी म्हणून उचलून नेले गेले. संग्रहालयातून ते परत येऊन उलुरूपाशी दफन व्हायला २०२२ साल उजाडलं. आज पर्यटक ज्या पाणवठ्याजवळ शांत बसून पाण्याचा फोटो काढतात, त्याच्या शेजारची ही गोष्ट.

१९४८ मध्ये उलुरूपर्यंत पहिला गाडीरस्ता झाला. १९५० मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. पुढच्या काही वर्षांत बसगाड्या सुरू झाल्या. १९५८ मध्ये तर उलुरू आणि शेजारचे काटा जूटाचे घुमट आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून कापून काढले गेले आणि त्यांचं वेगळं उद्यान झालं. कारण स्वच्छ होतं: पर्यटन. १९५९ मध्ये खडकाच्या पायथ्याशी मोटेल बांधायला जागा दिल्या गेल्या, जवळच धावपट्टी झाली. १९६४ मध्ये चढणाऱ्यांच्या सोयीसाठी खडकात खांब ठोकून लोखंडी साखळी बसवली, १९७६ मध्ये ती आणखी वर नेली. सरकारी धोरण असं की आदिवासी आता मुख्य प्रवाहात मिसळतील, भटकणं सोडतील; त्यामुळे त्यांनी उद्यानाकडे फिरकू नये, असाच प्रयत्न होता.

‘अस्पर्श निसर्ग’ या कल्पनेतली मेख इथे आहे. जागा अस्पर्श दाखवायची तर तिथे आधीपासून राहणारी माणसं चित्रातून काढावी लागतात. आणि चित्र रिकामं झालं की त्यात बस, मोटेल आणि साखळी बसवायला कुणाची परवानगी लागत नाही. त्या काळातले वाटाडे गुहांतली प्राचीन चित्रं फोटोत उठून दिसावीत म्हणून त्यांवर पाणी मारत. त्यांना वाईट हेतू नव्हता. चित्रं कुणाची आहेत, हे विचारायचं असतं हेच त्यांच्या डोक्यात नव्हतं.

न विचारण्याची किंमत कधी कधी पाहुण्यांनीही मोजली. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री पायथ्याच्या तळावरून चेंबरलेन कुटुंबाची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया नाहीशी झाली. आई लिंडी सांगत होती की डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, तिला नेलं. अनांगू मागकाढ्यांनी त्याच रात्री वाळूत डिंगोच्या पावलांचे ठसे पाहिले होते. ज्यांना वाळू वाचता येत होती त्यांच्या वाचनाला न्यायालयात वजन मिळालं नाही आणि १९८२ मध्ये आईलाच खुनी ठरवून जन्मठेप झाली. १९८६ च्या सुरुवातीला एक पर्यटक उलुरूवर चढताना पडून मेला. त्याचा शोध घेताना डिंगोच्या बिळांच्या भागात बाळाचं जाकीट सापडलं आणि लिंडी सुटली. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. मृत्यू डिंगोमुळेच झाला, हे अधिकृतपणे लिहिलं जायला २०१२ उजाडलं. मागकाढ्यांनी पहिल्याच रात्री सांगितलेलं सत्य कागदावर यायला ३२ वर्षं लागली.

परत दिलं, पण

१९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी आदिवासी भूमिहक्क कायदा आला. अनांगूंनी दावा केला. पण उलुरू राष्ट्रीय उद्यानात असल्याने त्या कायद्याखाली मागताच येईना. तरी त्यांनी पिच्छा सोडला नाही. ११ नोव्हेंबर १९८३ रोजी पंतप्रधान बॉब हॉक यांनी जाहीर केलं की उलुरू मूळ मालकांना परत दिलं जाईल. अनांगूंच्या अटींत एक अट होती: वर चढणं बंद.

२६ ऑक्टोबर १९८५ रोजी गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन यांनी मालकीहक्काचा दस्तऐवज अनांगूंच्या हाती दिला. त्या वेळी आकाशातून एक विमान फलक ओढत फिरत होतं. एअर्स रॉक सगळ्या ऑस्ट्रेलियनांचा आहे, असा त्याचा आशय. आणि दस्तऐवज हाती आला त्याच कार्यक्रमात अनांगूंनी ती जमीन सरकारला भाड्याने परत दिली. बोलणं ५० वर्षांचं झालं होतं, करार ९९ वर्षांचा झाला. चढाईही चालूच राहिली.

एवढं वाचून कुणीही म्हणेल, फसवलं. मलाही तसंच वाटलं. पण त्या करारात आणखी एक गोष्ट होती, जी त्या दिवशी फारशी कुणाच्या नजरेत भरली नसावी. उद्यान चालवणाऱ्या मंडळात बहुमत अनांगूंचं असणार होतं. साखळी तिथेच राहिली, पण ती ठेवायची की काढायची हे ज्या टेबलावर ठरणार होतं, त्या टेबलाभोवतीच्या जास्त खुर्च्या आता त्यांच्या होत्या.

त्याच सुमारास आणखी एक शहाणपणाचा निर्णय अमलात आला. पायथ्याची मोटेलं बंद करून राहण्याची सगळी सोय उद्यानाच्या हद्दीबाहेर, युलारा या नव्या वसाहतीत नेली. ती १९८४ मध्ये सुरू झाली. तुमची खोली, तुमचा जनरेटर, तुमचं सांडपाणी खडकाच्या कुशीत नको. तुम्ही येऊन पाहा आणि रात्री परत जा. हे तत्त्व आज आपल्याला साधं वाटतं. पण चालती हॉटेलं उचलून लांब नेणं तेव्हाही सोपं नव्हतं, आजही नाही.

‘आम्ही चढत नाही’

मग सुरू झाला ३४ वर्षांचा सगळ्यात विलक्षण टप्पा. मालक अनांगू, पण पाहुण्याला अडवायचं नाही. त्यांनी चढाईच्या वाटेशी पाटी लावली, अनेक भाषांत. तिचा सूर धमकीचा नव्हता. आम्ही चढत नाही, हे आमचं पवित्र स्थळ आहे, तुम्हीही चढू नका अशी आमची विनंती आहे, एवढंच. आणि त्या पाटीच्या बाजूने, अगदी पाटी वाचूनसुद्धा, लोक रांगेने वर जात राहिले. अनांगू त्यांना आपल्या भाषेत ‘मिंगा’ म्हणत. मिंगा म्हणजे मुंग्या. खालून तसेच दिसायचे ते.

१९५० च्या दशकापासून किमान ३७ माणसं त्या चढणीवर किंवा तिच्यामुळे मेली. कुणी घसरून, कुणी हृदय बंद पडून. अनांगूंच्या दृष्टीने आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याची जबाबदारी यजमानाची. त्यामुळे न ऐकणारा पाहुणा मेला तरी सुतक त्यांनाच. वर शौचालय नव्हतं, असणं शक्यही नव्हतं. पाऊस आला की वरची घाण वाहत खालच्या पाणवठ्यांत यायची. त्या कोरड्या मुलखात प्राणी जिथे पाणी पितात, तिथेच. आणि लाखो बुटांनी घासून लाल खडकावर एक फिकट पट्टा उमटला.

१९९० च्या दशकात येणाऱ्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोक चढायचे. मंडळाने हुकूम काढला नाही. त्यांनी चढण्याऐवजी करण्यासारख्या गोष्टी वाढवल्या. १९९५ मध्ये, हस्तांतरणाच्या दहाव्या वर्षी, पायथ्याजवळ सांस्कृतिक केंद्र उघडलं. अनांगू आणि उद्यानाचे रक्षक पाहुण्यांना पायथ्याने फिरवू लागले, गोष्टी सांगू लागले. जगाच्या लेखी जागेची ओळखही बदलत गेली. १९८७ मध्ये युनेस्कोने तिला नैसर्गिक वारसा म्हणून यादीत घेतलं होतं, १९९४ मध्ये सांस्कृतिक वारसा म्हणूनही घेतलं. १९९३ मध्ये अधिकृत नाव ‘एअर्स रॉक / उलुरू’ असं जोडनाव झालं आणि २००२ मध्ये क्रम उलटला: ‘उलुरू / एअर्स रॉक’. तिरक्या रेघेच्या डावीकडून उजवीकडे जायला एका नावाला नऊ वर्षं लागली.

२०१० च्या व्यवस्थापन आराखड्यात मग एक अट लिहिली गेली, जी वाचून मला माझं ऑफिस आठवलं. चढणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली गेलं, किंवा पाहुण्यांना पुरेसे दुसरे अनुभव मिळू लागले, की वाट बंद करण्याचा निर्णय घेता येईल. आम्ही एखादं जुनं फीचर काढतो तेव्हा नेमकं हेच करतो. आधी पर्याय द्यायचा, मग किती लोक अजून जुनं वापरतात ते मोजायचं, मग तारीख जाहीर करायची, मग बंद करायचं. २०१५ पर्यंत चढणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आलं होतं. १ नोव्हेंबर २०१७ रोजी मंडळाने एकमताने ठराव केला आणि दोन वर्षं पुढची तारीख दिली: २६ ऑक्टोबर २०१९, हस्तांतरणाचा दिवस. अध्यक्ष सॅमी विल्सन यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की ही फार महत्त्वाची जागा आहे, डिस्नेलँडसारखी खेळायची बाग नव्हे.

पण ही उपमा एका ठिकाणी तुटते आणि ते ठिकाण महत्त्वाचं आहे. आम्ही फीचर बंद करतो तेव्हा वाट पाहतो वापरणाऱ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून. इथे ३४ वर्षं वाट पाहिली ती स्वतःच्या घराचं दार लावण्यासाठी, ज्यांचं घर होतं त्यांनीच.

शेवटच्या महिन्यांत गर्दी उसळली. तळ भरून वाहू लागले, लोक रस्त्याकडेला कुठेही तंबू ठोकू लागले. जून २०१९ पर्यंतच्या वर्षात ३ लाख ९५ हजारांहून अधिक लोक उद्यानात आले. त्यातले चढले मात्र फक्त १३ टक्के. टीव्हीवर ती लांबच लांब रांग दिसली. न चढता खालून चालत गेलेल्या बाकीच्या ८७ टक्क्यांची बातमी होत नाही. २५ ऑक्टोबरला संध्याकाळी वाट बंद झाली आणि काही दिवसांतच साखळी काढायला सुरुवात झाली.

मग तिथं करतात काय?

मी कामानिमित्त मेलबर्नला होते तेव्हा तिथे जायचं ठरवलं. आईला फोनवर सांगितलं. तिने लगेच यूट्यूबवर जुने व्हिडिओ पाहिले आणि विचारलं, “अगं, वर जाता येत नाही म्हणतेस, मग एवढ्या लांब जायचं कशाला? तिथं करतात काय?”

प्रश्न चुकीचा नाही. आपण डोंगर म्हटलं की माथा म्हणणारी माणसं. गडावर जाऊन टोकाशी उभं राहिल्याशिवाय गेल्यासारखं वाटत नाही. मी तिला म्हटलं, “प्रदक्षिणा घालतात.” ती म्हणाली, “मग ठीक आहे.”

गंमतीत दिलेलं उत्तर होतं, पण पायथ्याची ती वाट खरोखर तशीच आहे. साडेदहा किलोमीटरची, सपाट. उन्हाळ्यात सकाळीच संपवायला सांगतात, कारण दुपारी ऊन माणसाला खाली बसवतं. लांबून गुळगुळीत दिसणारा खडक जवळून अजिबात गुळगुळीत नाही. भेगा, खळगे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी झिजलेली भिंत, एखाद्या घळीत अचानक गारवा आणि पाणी. काही ठिकाणी पाटी येते: इथून पुढे अमुक अंतरापर्यंत फोटो काढू नका. या जागांच्या रेषा आणि आकार अनांगूंसाठी धर्मग्रंथातल्या ओळींसारखे आहेत. ते त्या जागीच, योग्य माणसानेच पाहायचे असतात. बायकांच्या जागेचं चित्र चुकून पुरुषांसमोर किंवा पुरुषांच्या जागेचं बायकांसमोर जाऊ नये, म्हणून फोटो नको.

त्या पट्ट्यांत मी फोन खिशात ठेवून चालले. सुरुवातीला हात शिवशिवतो. मग हळूहळू लक्षात येतं की आपण पाहतोय ते नंतर कुणाला दाखवायचं नाहीये, त्यामुळे आत्ताच नीट पाहायला हवं. देवळात चप्पल बाहेर काढताना आपण कुणाकडे पुरावा मागत नाही. आत काय आहे यावर आपला विश्वास असो वा नसो, चप्पल काढतो. इथे तेवढंच मागितलं होतं.

रान कोण राखतं

पवित्र स्थळांचा मान ही एक बाजू झाली. निसर्गाचं काय? ‘माणसं बाहेर, निसर्ग सुरक्षित’ या सूत्राचं उत्तरही उलुरूच्याच जमिनीवर लिहिलेलं आहे.

अनांगू हजारो वर्षं थंडीच्या दिवसांत गवताळ रानाचे लहान लहान तुकडे जाळत आले. एक तुकडा जळलेला, एक कोवळा, एक जुना, असा ठिगळांचा गोधडीसारखा मुलूख तयार व्हायचा. आग लागली तरी फार पसरायची नाही, आणि प्रत्येक प्राण्याला हवं तसं रान कुठेतरी मिळायचं. लोकांना दूर ठेवलं गेलं तशी ही जाळण्याची रीतही थांबली. गवत साठत गेलं. १९५० मध्ये लागलेल्या आगीत उद्यानातली सुमारे एक तृतीयांश वनस्पती गेली. १९७६ मध्ये दोन आगींत ७६ टक्के भाग जळला. त्यानंतर उद्यानाने अनांगूंच्या पद्धतीचं जाळणं पुन्हा सुरू केलं. आता त्यांचं ज्ञान आणि शास्त्रज्ञांच्या नोंदी दोन्ही हाताशी धरून.

आणि माला. ज्या प्राण्याच्या रूपातल्या पूर्वजांच्या वाटेवरून पर्यटक चढत होते, तो खरा माला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भागातून नाहीसा झाला होता. बाहेरून आलेली मांजरं, कोल्हे आणि बदललेली आग, सगळ्यांनी मिळून त्याला संपवलं. सप्टेंबर २००५ मध्ये २४ माला १७० हेक्टरच्या कुंपण घातलेल्या रानात परत आणून सोडले. कथेतला प्राणी कथेच्या जागी परत आला. अनांगूंसाठी तो संवर्धनाचा प्रकल्प तर होताच, पण पूर्वज घरी येणंही होतं.

न मिटलेलं

ही सुखान्त गोष्ट आहे असं समजू नका. खडकाच्या सावलीत मुटिजुलू ही अनांगूंची वस्ती आहे. युलाराच्या महागड्या हॉटेलांपासून ती काही किलोमीटरवर आहे, आणि राहणीमानाने फार दूर. प्रवेश शुल्कातला २५ टक्के वाटा अनांगूंना मिळतो, तरी घरं, आरोग्य, शिक्षण यांचे प्रश्न सुटलेले नाहीत. २००७ मध्ये केंद्र सरकारने आदिवासी वस्त्यांमध्ये ‘आणीबाणीचा हस्तक्षेप’ केला, त्याची सुरुवात मुटिजुलूपासूनच झाली. जगप्रसिद्ध खडकाचा मालक असणं आणि आपल्या गल्लीचा मालक असणं, या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

तरीही २०१९ नंतर काहीतरी बदललं. ऑगस्ट २०२० मध्ये कोरोनाच्या काळात ब्रिस्बेनहून पर्यटकांचं विमान आलं. मुटिजुलूच्या लोकांनी, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या काळजीने, उद्यानाच्या फाटकाशी रस्ता अडवला. उद्यान बंद करावं लागलं. ३५ वर्षांपूर्वी ‘चढू नका’ ही विनंतीच राहिली होती. या वेळी ‘येऊ नका’ ऐकलं गेलं.

टिकाऊ पर्यटनाची व्याख्या करताना आपण बहुतेकदा पाहुण्यापासून सुरुवात करतो: त्याने प्लास्टिक आणू नये, पाणी जपून वापरावं, स्थानिकांकडून खरेदी करावी. सगळं योग्यच. पण उलुरूच्या इतिहासात ज्या दिवशी खरा फरक पडला, त्या दिवशी पाहुणा सुधारला नव्हता. यजमानाच्या हातात ‘नाही’ म्हणायचा अधिकार आला होता. तो अधिकार नसेल तर आदरातिथ्य ही सक्तीच असते, मग पाटीवर कितीही हिरवी पानं काढलेली असोत. आणि तो अधिकार मिळाल्यावर अनांगूंनी काय केलं? त्यांनी फाटक लावून घेतलं नाही. एक वाट बंद केली आणि बाकीची जागा दाखवायला स्वतः सोबत चालू लागले.

उद्यानाच्या कार्यालयात जगभरातून टपालाने पाकिटं येतात. त्यांत लाल दगड असतात. कुणी कधीतरी आठवण म्हणून खिशात घालून नेलेले, आता चिठ्ठीसह परत पाठवलेले. बहुतेक चिठ्ठ्यांत माफी असते. म्हणून कर्मचारी त्यांना ‘सॉरी रॉक्स’ म्हणतात. हे दगड मागायला कुणी माणूस पाठवला नव्हता, दंडाची नोटीस काढली नव्हती. नेणाऱ्यांनाच कधीतरी वाटलं की ही वस्तू आपली नाही. चढणीवरचा फिकट पट्टा अजून स्पष्ट दिसतो. तो लाल व्हायला किती पावसाळे लागतील ते पाऊस ठरवेल. दगडांची पाकिटं मात्र येत आहेत.